लोखंडी कपाटावरील संख्या

सोमवारी सकाळच्या टपालाने शाळेचे पत्र आले, आणि ते वाचून संपेपर्यंत सरांची मान नेहमीपेक्षा दोन बोटे उंच झाली होती. पत्राचा आशय असा : शाळेच्या नूतन सभागृहाचे उद्घाटन येत्या रविवारी योजिले असून, सभागृहाच्या प्रवेशद्वारी एक काळी शिळा बसविण्यात येणार आहे, तीवर, माजी विद्यार्थ्यांच्या एकमुखी इच्छेनुसार, गणिताचे निवृत्त अध्यापक जे आपण, त्या आपली सुप्रसिद्ध संख्या आपल्या नावासह कोरण्यात येईल, शिळेला छिन्नी शनिवारी दुपारी लागेल, कळावे.

संख्या कोणती, हे पत्रात लिहिलेले नव्हते, आणि लिहिण्याचे कारणही नव्हते. शाळेच्या शिक्षककक्षात एक लोखंडी कपाट होते, त्याच्या डाव्या दारावर कारखान्याने ठोकलेला क्रमांक होता, आणि तो क्रमांक होता १००५९७३. दहा लाख पाच हजार नऊशे त्र्याहत्तर. इतरांनी त्या कपाटातून खडू काढले, डस्टर काढले, एकदा एक मेलेली पाल काढली. पण त्या दाराकडे आदराने पाहिले ते एकट्या सरांनी. प्रत्येक वर्षी नववीच्या पहिल्या तासाला ते ही संख्या फळ्यावर ठळक अक्षरांत मांडीत, दोन पावले मागे सरत आणि गंभीर स्वरात सांगत, "ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, यांखेरीज हिला कोणी निःशेष भागू शकत नाही. आयुष्यात असं व्हा." अठ्ठावीस वर्षांत अठ्ठावीस तुकड्यांनी हे ऐकले. मुलांनी सरांचे नावच 'अविभाज्य सर' असे ठेवले होते, आणि ते सरांना ठाऊक असून त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती.

पत्र त्यांनी पत्नीला मोठ्याने वाचून दाखविले. 'सुप्रसिद्ध' हा शब्द दोनदा वाचला.

पत्नी मटार सोलीत होती. तिने एक शेंग उकलली, दाणे पातेल्यात टाकले, आणि सहज विचारले, "अहो, पण तुम्ही तिला सगळ्या आकड्यांनी भागून पाहिलं होतंत ना?"

जगातील मोठी संकटे अशीच मटार सोलता सोलता येतात.

"म्हणजे काय!" सर म्हणाले. पण हे शब्द उच्चारताना त्यांच्या डोळ्यांपुढे एक दुपार उभी राहिली. सहामाही परीक्षा, पर्यवेक्षणाचे काम, हातात कोऱ्या उत्तरपत्रिकेचे पान. दोनाने भागून पाहिले, तिनाने, पाचाने, साताने, असे करीत करीत ते सत्त्याण्णवापर्यंत आले होते, आणि एकशे एकाने भागणार तोच घंटा झाली. उरलेले उद्या पाहू, असे म्हणून त्यांनी पान खिशात ठेवले. त्या 'उद्या'ला आता चौतीस वर्षे झाली होती.

"सत्त्याण्णवापर्यंत पाहिलं होतं," सर हळू आवाजात म्हणाले.

"आणि पुढे?"

"पुढे घंटा झाली."

पत्नीने पातेले बाजूला ठेवले. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने पातेले बाजूला ठेवण्याचे प्रसंग मोजकेच होते. "अहो, दगडावर कोरतायत ते. खोडता यायचं नाही."

येथे थोडे गणित सांगणे प्राप्त आहे. वाचकाने घाबरू नये, ते लहान आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायचे, तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे. कोणाचाही भाग निःशेष गेला नाही तर ती मूळ. या संख्येचे वर्गमूळ एक हजार तीनला टेकण्यास केसभर कमी. तेथपर्यंतच्या मूळ संख्या एकशे अडुसष्ट. त्यांतल्या सत्त्याण्णवापर्यंतच्या पंचवीस झाल्या होत्या. उरल्या एकशे त्रेचाळीस. हाती दिवस सहा.

सरांनी चष्मा पुसला, आणि ज्या मुद्रेने लोक दीर्घ प्रवासाला निघतात त्या मुद्रेने ते टेबलाशी बसले. एकशे एकाने भागले. बाकी तेरा. एकशे तीनने भागले. बाकी पंचाहत्तर. प्रत्येक भागाकार झाला की ते उलट गुणाकार करून पडताळीत, कारण एकदा झालेली ढिलाई पुन्हा होऊ द्यायची नाही असा त्यांचा निश्चय होता. सोमवारी संध्याकाळपर्यंत ते एकशे नव्याण्णवापर्यंत पोचले. एकालाही संख्येने दाद दिली नव्हती.

"पाहिलंस?" ते पत्नीला म्हणाले. "अभेद्य आहे."

"एकशे बावीस राहिलेत अजून," पत्नी म्हणाली. तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कडेला पेन्सिलीने रेघा ओढून ठेवल्या होत्या.

मंगळवारी दोनशे अकराच्या भागाकारात असताना सरांना एक आठवण झाली, आणि त्यांच्या हातचे पेन थबकले. एके वर्षी, नववी 'ब'च्या वर्गात, त्यांनी संख्या फळ्यावर मांडून 'हिला कोणी भागू शकत नाही' म्हटल्याबरोबर शेवटून दुसऱ्या बाकावरची एक दोन वेण्यांची मुलगी उठून उभी राहिली होती. "सर, ही फरशी बसते," ती म्हणाली होती. वर्ग खो खो हसला. सरांनी विचारले, "कसली फरशी?" मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे ही संख्या..." पण सरांनी तिला पुढे बोलू दिले नव्हते. "हा गणिताचा तास आहे, बांधकामाचा नव्हे. फरश्याच मोजायच्या असतील तर दाराबाहेर उभी राहा आणि व्हरांड्यातल्या मोज." मुलगी गेली. पस्तीस मिनिटांचा तास ती बाहेर उभी होती. तास संपल्यावर सर तिच्या शेजारून गेले, आणि शिक्षककक्षात जाऊन चहा प्याले.

चहा चांगला झाला होता, हेही त्यांना आठवले, आणि आता ते आठवणे त्यांना बरे वाटले नाही. दोनशे अकराची बाकी एकशे छत्तीस आली. ती त्यांनी दोनदा पडताळली.

बुधवारी सर शाळेच्या कार्यालयात गेले. कार्यवाह हा त्यांचाच जुना विद्यार्थी. आता त्याला टक्कल पडले होते, आणि त्याच्या टेबलावर तीन रंगांचे तीन शिक्के होते. सरांना पाहताच तो उभा राहिला, पण त्यांची विनंती ऐकताच खाली बसला.

"दोन आठवडे? सर, ठराव झालाय! शनिवारी कोरणार, रविवारी उद्घाटन. प्रमुख पाहुण्यांनी होकार दिलाय."

"मला खात्री करून घ्यायची आहे."

"कसली खात्री?"

"ती मूळ आहे याची."

कार्यवाहाने खणातून एक छापील अर्ज काढला. मुदतवाढीचा अर्ज होता तो. "यात खात्रीचा रकाना नाही, सर. आजारपण आहे, परगावी जाणं आहे, आणि 'इतर' आहे."

सरांनी 'इतर' या रकान्यात आपल्या वळणदार अक्षरांत लिहिले : 'संख्येच्या मूळत्वाविषयी निःसंदेह होण्याकरिता.' कार्यवाहाने ते वाचले, मग सरांकडे पाहिले, मग पुन्हा वाचले.

"सर, तुम्हीच आम्हाला सांगितलंत ना, हिला कोणी भागू शकत नाही म्हणून? मी पोरांना दम देताना अजून तीच संख्या सांगतो. परवा धाकट्यानं ती भिंतीवर लिहिली. मी रंगसुद्धा दिला नाही त्या भिंतीला!"

"म्हणूनच," सर म्हणाले.

कार्यवाह टेबलावर पुढे वाकला आणि त्याने आवाज खाली आणला. "नाहीच निघाली मूळ, तर शेवटचा आकडा जरा मागंपुढं करू की! कोण मोजायला बसलंय?"

सर उठले. त्यांना इतका राग आला होता की ते छत्री तिथेच विसरले, आणि छत्री आणायला परत जाणे हे स्वाभिमानाला धरून नाही म्हणून उन्हातून तसेच घरी आले. अर्ज नामंजूर झाल्याचे संध्याकाळी शिपायाने येऊन कळविले. छत्रीही त्यानेच आणून दिली.

एव्हाना बातमी इमारतभर झाली होती. गुरुवारी सकाळी तळमजल्यावरचा शिंपी वर आला. त्याच्या कानावर खडू होता आणि गळ्यात मोजपट्टी.

"सर, ऐकलं मी. एकट्यानं कशाला मरताय? चार-पाच आकडे मला द्या. भागाकार मला येतो. दिवसभर मापंच तर घेतो."

सरांना हे प्रथम रुचले नाही. संख्येची परीक्षा ही काही वाटून देण्याची गोष्ट नव्हे. परंतु दिनदर्शिकेवरच्या रेघा पाहून त्यांनी शिंप्याला पाचशे सत्तेचाळीस ही संख्या दिली, आणि मागोमाग जिना चढून आलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांना पाचशे सत्तावन्न.

तासाभराने शिंपी धावत वर आला. "सर! बसली! बरोब्बर बसली! पाचशे सत्तेचाळीस गुणिले अठराशे एकोणचाळीस!"

सरांनी खुर्चीचा हात धरला. पत्नी स्वयंपाकघरातून हातात उलथने घेऊन बाहेर आली. सरांनी गुणाकार केला आणि चष्म्यावरून शिंप्याकडे पाहिले.

"अहो, दहा लाख पाच हजार नऊशे तेहेतीस येतात हे. चाळीस उरतात."

"हां, उरतात ना चाळीस," शिंपी शांतपणे म्हणाला. "ते शिलाईत जातात."

"शिलाईत?"

"एवढ्या मोठ्या कापडात चाळीस म्हणजे काय, सर? दोन्ही बाजूंना वीस-वीस दुमडले की संपलं. तेवढं सोडावंच लागतं, नाहीतर उसवतं."

सरांनी त्याला गणित आणि शिवणकाम यांतील भेद समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. शिंप्याने तो सहानुभूतीने ऐकून घेतला आणि शेवटी, "तुमचं बरोबर असेल, पण अंगात घालून बघितल्याशिवाय काय कळणार?" असे म्हणून तो खाली गेला. डॉक्टरांची बाकी एकतीस आली. तीही बरोबर होती. मात्र त्यांनी सुचविले की बाकी जितकी सूक्ष्म, तितका तिचा परिणाम खोल, सबब एकतीसला कमी लेखू नये. सरांनी दोघांचेही आभार मानले आणि पुढील सर्व भाजक स्वतःकडे घेतले.

शुक्रवारी कागद संपला. वह्यांची मागची पाने, जुन्या प्रश्नपत्रिका, विजेच्या बिलांच्या पाठी, सर्व भागाकारांनी भरून गेले. पत्नीने शिंप्याकडून खाकी कागद आणला. त्याच्या मोठाल्या तावांवर सातशे आणि आठशेंतील भागाकार ऐसपैस मांडले गेले, आणि दुपारी सर जेवायला उठले असता शिंपी येऊन, आपलाच कागद आहे असे समजून, त्यातला एक ताव घेऊन गेला. सर खाली पोचले तेव्हा सातशे त्रेचाळीसचा भागाकार एका पोलीस हवालदाराच्या विजारीचा डावा पाय झाला होता. उजव्या पायावर गुणाकाराची पडताळणी होती. हवालदार तिथेच उभा होता. सरांनी त्याला विनंती केली की, क्षणभर तो कागद कमरेला लावून उभे राहावे, म्हणजे बाकी वाचता येईल. हवालदाराने विचारले, "कोणाची बाकी?" आणि प्रकरण ठाण्यापर्यंत जाते की काय असे वाटले. सर वर आले आणि सातशे त्रेचाळीस पुन्हा भागले.

"कशाला एवढा त्रास करून घेता?" पत्नी म्हणाली. तिच्या स्वरात चेष्टा नव्हती. "एकशे चोपन्न झाले की तुमचे. नाही म्हणाले सगळे. उरलेले चौदा काय वेगळं सांगणार आहेत?"

"अगं, अठ्ठावीस वर्षं मी पोरांना सांगितलं," सर म्हणाले. "त्यांतल्या एकालाही मी म्हणालो नाही, की बाबांनो, मी सत्त्याण्णवापर्यंतच पाहिलंय."

पत्नीने पेन्सिलीला टोक काढून ती त्यांच्यापुढे ठेवली.

शनिवारी सकाळी नऊशेंतील शेवटचे चौदा भाजक सुरू झाले. नऊशे सात, नऊशे अकरा, नऊशे एकोणीस; प्रत्येकजण आला आणि बाकी ठेवून गेला. बाराला पाच मिनिटे असताना नऊशे एक्याण्णवाने भागून झाले. बाकी एकशे आठ. दिनदर्शिकेवर एकशे सदुसष्ट रेघा झाल्या. आता केवळ एक भाजक उरला : नऊशे सत्त्याण्णव.

सरांनी पेन खाली ठेवले आणि पाठ टेकली. खरे सांगायचे तर त्या क्षणी त्यांच्या मनात असे आले की, परीक्षेत एकशे अडुसष्टांपैकी एकशे सदुसष्ट गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय म्हटले असते? आपण त्याचा सत्कार केला असता. नऊशे सत्त्याण्णव राहू द्यावा काय? तोही बाकीच्यांसारखाच असणार. बिचारा.

मग त्यांना चौतीस वर्षांपूर्वीची घंटा आठवली. त्यांनी पेन उचलले.

नऊशे सत्त्याण्णव एके नऊशे सत्त्याण्णव. वजाबाकी केली. वरचे आकडे एकेक करून उतरविले. भागाकारात एक आला, शून्य आले, आणखी एक शून्य आले. शेवटी खाली उरले आठ हजार नऊशे त्र्याहत्तर. नऊशे सत्त्याण्णव नव्वे, आठ हजार नऊशे त्र्याहत्तर.

बाकी शून्य.

सर त्या शून्याकडे पाहत राहिले. ते फार व्यवस्थित काढलेले शून्य होते. आयुष्यात इतके सुबक शून्य त्यांनी कोणत्याही विद्यार्थ्याला दिले नव्हते.

"अगं," ते म्हणाले.

पत्नी आली. तिने भागाकार वरून खाली वाचला, मग स्वतः गुणाकार करून पाहिला. मग ती म्हणाली, "चपला घाला. दगड थांबवायला हवा."

सर निघाले. घाईत एक चप्पल त्यांची आणि एक, बाकीची चौकशी करायला आलेल्या डॉक्टरांची, पायात आली. डॉक्टरांची दोन अंगुळे मोठी होती. त्यामुळे बाजाराच्या रस्त्याने जाताना त्यांचे एक पाऊल 'टप्' आणि दुसरे 'फटाक्' वाजत होते. ओळखीच्या तिघांनी "अभिनंदन, सर!" म्हणून हाक मारली, आणि तिघांनाही सर न थांबता म्हणाले, "नको, नको."

शिळा कोरण्याचा कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली होती. दारात दगडाची भुकटी, आत कोनशिला आणि नामफलक भिंतीला टेकून उभे. मध्ये दोन ओंडक्यांवर ती काळी शिळा आडवी होती, आणि तीवर खडूने आखलेली सरांची संख्या. शिळेपाशी चाळिशी ओलांडलेली एक बाई बसली होती. डोळ्यांवर जाड काचा, केसांत पांढरी धूळ.

"बाई, थांबा!" सर दारातूनच ओरडले. "छिन्नी खाली ठेवा!"

"ठेवलीच आहे, सर," ती म्हणाली. "सकाळपासून ठेवलीय." तिने काचा कपाळावर सरकविल्या. "किती निघाला?"

सरांना धाप लागली होती. "नऊशे सत्त्याण्णव."

"आणि दुसरा एक हजार नऊ," बाई म्हणाली.

सर मटकन एका कोऱ्या नामफलकावर बसले. बाईने त्यांना पाणी दिले. ते पिऊन झाल्यावर त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले, आणि धुळीमागची दोन वेण्यांची मुलगी त्यांना दिसली.

"नववी 'ब'," ते म्हणाले.

"शेवटून दुसरा बाक. माझे वडील फरश्या बसवायचे, सर. आता मी दगड कोरते." तिने खडू घेतला आणि जमिनीवर एक मोठा चौकोन काढला. "बघा. एका बाजूला एक हजार तीन फरश्या, दुसऱ्या बाजूलाही एक हजार तीन. किती झाल्या?"

"दहा लाख सहा हजार नऊ."

"तुमच्या संख्येपेक्षा किती जास्त?"

सरांनी वजाबाकी केली. "छत्तीस."

"म्हणजे कोपऱ्यातला सहा बाय सहाचा तुकडा नाही एवढंच." तिने चौकोनाचा एक कोपरा पायाने पुसला. "आता त्या कोपऱ्याशेजारी ही सहा फरश्या रुंदीची पट्टी उरली. नऊशे सत्त्याण्णव लांब. ती उचलायची, आडवी फिरवायची, आणि इकडे लावायची. बसली! एका बाजूला नऊशे सत्त्याण्णव, दुसऱ्या बाजूला एक हजार नऊ. एक तुकडासुद्धा फोडावा लागत नाही."

सर त्या खडूच्या आकृतीकडे पाहत होते. सहा दिवस, एकशे अडुसष्ट भागाकार, एक हवालदार. आणि ही पट्टी.

"हे तुला त्या दिवशी, वर्गात बसल्या बसल्या, कसं सुचलं?"

"फळ्यावर होतं ना," ती म्हणाली. "डाव्या बाजूला तुम्हीच लिहून दिलं होतंत. अ वर्ग वजा ब वर्ग बरोबर, अ अधिक ब, गुणिले अ वजा ब. आणि उजव्या बाजूला संख्या. मी दोन्हीकडे बघत होते."

अठ्ठावीस वर्षे सरांनी ते सूत्र शिकविले होते. ते चुकणाऱ्या मुलांकडून पन्नास-पन्नास वेळा लिहून घेतले होते. सूत्राकडून संख्येकडे जाण्यासाठी फळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नुसती मान वळवायची होती.

"मग इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं, सर," ती म्हणाली. "एकदा."

बाहेर कुणीतरी पत्र्यावर काहीतरी आपटीत होते.

"बुधवारी कार्यवाह इथे हसत सांगत होते, सर भागायला बसलेत म्हणून," बाई पुढे म्हणाली. "मी म्हटलं, बसलेत म्हणजे पोचतील. म्हणून खडूनं आखून ठेवलं फक्त. ते दोनदा येऊन ओरडून गेले. मी म्हटलं, छिन्नीला धार लावतेय."

नाव काढताच कार्यवाह आत आला. त्याच्या हाती ठरावाची प्रत होती. झाला प्रकार ऐकून त्याने प्रथम डोके धरले, मग सरांना धीर दिला, मग स्वतःच धीर सोडला. "सर, निमंत्रणपत्रिका वाटून झाल्यात. त्यात छापलंय, 'अविभाज्य संख्येचे अनावरण'. आता ही फुटली म्हणून सांगू लोकांना? कोणाला कळतंय? आपण तिघं गप्प बसलो की संपलं!"

"मी गप्पच बसलो होतो," सर म्हणाले. "चौतीस वर्षं." ते उठून उभे राहिले. एका पायातली चप्पल मोठी असल्यामुळे ते किंचित तिरके दिसत होते, पण आवाज नववीच्या वर्गातला होता. "शिळेवर संख्या कोर. तिच्यापुढे बरोबरचं चिन्ह. पुढे नऊशे सत्त्याण्णव गुणिले एक हजार नऊ. खाली माझं नाव नको. ज्या विद्यार्थिनीने हे नववीत असताना दाखवलं, तिचं नाव."

"सरांचं नाव काढायचं तर सर्वसाधारण सभा लागेल!" कार्यवाह कळवळून म्हणाला. "तीन चतुर्थांश बहुमत लागेल!"

"आणि नवीन घालायचं असेल तर?" बाईने विचारले.

कार्यवाहाने ठराव उलटसुलट पाहिला. "नवीन मजकूर... तो किरकोळ दुरुस्तीत बसतो. माझ्या सहीनं होतं ते."

"मग सरांचं नाव राहू दे," ती म्हणाली. "जागा आहे. मी आखतानाच सोडली होती."

आणि तिने छिन्नी उचलली.

रविवारी सभागृह भरले होते. पडदा दूर झाला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मग शिळेवरचे गुणाकाराचे चिन्ह वाचून काही टाळ्या मध्येच थांबल्या. सर व्यासपीठावर गेले, आणि चार वाक्यांत त्यांनी सारे सांगितले : संख्या फुटते, मी सत्त्याण्णवापर्यंतच पाहिले होते, एका मुलीला ते तेव्हाच दिसले होते, मी तिला वर्गाबाहेर काढले. मग ते प्रमुख पाहुण्यांना नमस्कार करून खाली उतरले, मधल्या वाटेने चालत दारापर्यंत गेले, बाहेर पडले, आणि जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात, नववी 'ब'च्या दाराशी, हात मागे बांधून उभे राहिले.

सभागृहात कुजबुज झाली. सरांना गहिवर आला असावा, असे कार्यवाहाने ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले. शिंप्याचे मत पडले की उकडत असावे. पत्नीने मात्र घड्याळ पाहिले आणि ती जागची हलली नाही. प्रमुख पाहुण्यांचे भाषण सुरू झाले. ते प्रामाणिकपणावर होते, आणि लांब होते.

बरोबर पस्तीस मिनिटांनी ती बाई बाहेर आली. आज केसांत धूळ नव्हती. ती सरांच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि दोघेही काही वेळ खाली, तिच्या वडिलांनी बसविलेल्या जमिनीकडे पाहत राहिले.

"तास संपला, सर," ती म्हणाली. "मोजल्यात का?"

"मोजल्या. सतराचा चौकोन आहे. कोपऱ्यात खांबासाठी दोन बाय दोन सोडलंय. दोनशे पंच्याऐंशी. पंधरा गुणिले एकोणीस."

"भागून पाहिलंत?"

"नाही," सर म्हणाले. "पट्टी सरकवून पाहिली."